वाचकांचे प्रश्न, सायकलचा सल्ला: सामायिक मार्गावरचे सेगमेंट

प्रश्न: आमच्या इथे पायी चालणारे आणि सायकलवाले दोघांसाठी असलेला तीन मीटर रुंदीचा सपाट मार्ग आहे. त्यावर स्ट्राव्हाचा (फेऱ्या नोंदवणारं ॲप) दोन किलोमीटरचा सेगमेंट आहे, म्हणजे सगळ्यांच्या वेळांची क्रमवार यादी लागते असा ठरावीक तुकडा. पहाटे मार्ग बहुतेक रिकामा असतो. तेव्हा जोर लावला तर काय बिघडतं?

'बहुतेक रिकामा' यातल्या 'बहुतेक'मध्येच सगळं आलं. ताशी 30 किमी वेग म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. समोर काही दिसल्यापासून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी आठ-नऊ मीटर लागतात. एकूण झाले 17 मीटर. ताशी 20 किमीला हाच आकडा साडेनऊच्या आसपास असतो आणि ताशी 40 किमीला 26च्या पुढे जातो. मार्ग ओला असेल, त्यावर पालापाचोळा पडला असेल, तर 30च्या वेगालाही 25 मीटर धरून चला. आदळलाच तर धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 20 ऐवजी 30ला सव्वादोन पट.

आता पहाटेचा विचार करा. दुतर्फा मार्गावर समोरूनही कुणी येत असतं, म्हणून जेवढं दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. झाडीमागच्या वळणावर 30 मीटर दिसत असेल तर तुमच्या वाट्याला आले 15. तिथे ताशी 30 किमी हा वेगच चुकीचा आहे, मार्ग रिकामा असो वा नसो. दिवा अंधुक असेल तर सरळ रस्त्यावरही हेच गणित लागू होतं. आणि पहाटे फिरायला येणारे लोक गडद कपडे घालतात, कानात इअरफोन घालतात, मधूनच कुत्र्याच्या मागे आडवे वळतात. कुत्र्याची लांब दोरी अंधारात दिसतच नाही.

खरी गोची मात्र घड्याळात आहे. सेगमेंटची वेळ रेषा ओलांडल्यापासून दुसऱ्या रेषेपर्यंतची सलग वेळ असते. तुम्ही 40 मीटरच्या टप्प्यात एका कुटुंबाला जपून ओलांडण्यासाठी वेग निम्मा केलात, तर त्या टप्प्यातच पाच सेकंद जातात, पुन्हा वेग घेताना आणखी एक-दोन. यादीतले पहिले दहा जण जर दहा सेकंदांत बसले असतील, तर एका कुटुंबाची किंमत पाच-सहा जागा! माणूस कितीही शहाणा असला तरी फेरी 'चांगली चालली' असताना ब्रेकवरची बोटं थोडी उशिरा दाबली जातात. म्हणून या मार्गावर वेळेसाठी जोर लावू नका असंच आमचं मत आहे, पहाटेसुद्धा.

प्रश्न: ऑटो-पॉज (थांबलं की नोंद आपोआप थांबवणारी सोय) चालू ठेवलं तर थांबलेला वेळ वजा होईल ना? मग थांबायचा तोटा नाही.

होत नाही. ऑटो-पॉजने फेरीचा 'प्रत्यक्ष चालवलेला वेळ' बदलतो, सेगमेंट मात्र एकूण गेलेल्या वेळेवरच मोजला जातो. हाताने पॉज दाबलं तरी तेच. मुद्दाम तसं ठेवलंय, कारण नाहीतर चढावर दम खायला थांबून पहिला नंबर पटकावता आला असता. फसवणुकीला अटकाव करणारा हा नियम सामायिक मार्गावर मात्र सावधपणालाच दंड करतो.

प्रश्न: मी आणि माझा मित्र 300 मीटरच्या सेगमेंटवर अगदी शेजारी शेजारी सायकल चालवली. त्याची वेळ 29 सेकंद, माझी 33. माझं घड्याळ बिघडलंय का?

बहुधा नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते. झाडांखाली, पुलाखाली, उंच भिंतींच्या कडेला ती दहा मीटरच्या पुढेही जाते, कारण उपग्रहाचा संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला वाटतं तुम्ही भलतीकडेच आहात. ताशी 36 किमीला सेकंदाला दहा मीटर जातात. दोन्ही टोकांना पाच-पाच मीटरची चूक धरली तरी वेळेत सेकंदभराचा फरक पडतो. तीस सेकंदांच्या सेगमेंटमध्ये एक सेकंद म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, आणि तेवढ्यात यादीतला क्रम उलटापालटा होतो.

तुमच्याकडचा चार सेकंदांचा फरक मात्र नुसत्या उपग्रहांचा वाटत नाही. आधी नोंदणीची सेटिंग पाहा. अनेक यंत्रांत 'स्मार्ट रेकॉर्डिंग' असतं. जागा वाचवण्यासाठी ते वळण आलं किंवा वेग बदलला की बिंदू नोंदवतं, सरळ सपाट रस्त्यावर दोन बिंदूंमध्ये कित्येक सेकंद जाऊ देतं. सेगमेंटची सुरुवात नेमकी त्या पोकळीत आली की जवळच्या बिंदूवरून वेळ लागते आणि गडबड होते. हे बदलून 'दर सेकंदाला' करा. घड्याळात सोय असेल तर एकापेक्षा जास्त उपग्रहप्रणाली, आणि उपग्रहांच्या संकेताच्या एल-1 व एल-5 या दोन्ही लहरी वापरणारा पर्याय निवडा. बॅटरी लवकर संपेल, पण भिंतींजवळची चूक कमी होईल. निघण्याआधी उघड्यावर दोन-तीन मिनिटं उभं राहून जागा पक्की होऊ द्या. फोन पाठीवरच्या खिशात, अंगाला लागून असेल तर त्याची नोंद हँडलवरच्या यंत्रापेक्षा कच्ची असते.

इतकं सगळं करूनही 300 मीटरच्या सेगमेंटवरचा दोन सेकंदांचा फरक कुणी मनावर घेऊ नये. तुलनेसाठी गणित पाहा: पाच टक्के चढाचा अडीच किलोमीटरचा रस्ता ताशी 15 किमीने चढायला दहा मिनिटं लागतात. तिथे दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर चुकले तरी फरक पाच सेकंदांच्या आत, म्हणजे एक टक्काही नाही.

प्रश्न: वाऱ्याच्या दिवशी, गटात चालवून लोक नंबर मिळवतात. हे न्याय्य आहे का?

नाही, आणि सपाट मार्गावर ते रोखण्याचा उपायही नाही. सपाटीवर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला धरून चालवलं तर हवेचा विरोध साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. पाठीवर ताशी 10 किमीचा वारा असेल तर तेवढ्याच ताकदीत वेग ताशी पाच-सात किमीने वाढतो. यादी हे काही सांगत नाही, तिथे फक्त वेळ दिसते. शिवाय सामायिक मार्गावर गटाने, चाकाला चाक लावून जाणं हाच सगळ्यात घातक प्रकार आहे, कारण मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही. स्वतःची प्रगती तपासायची असेल तर पॉवर मीटरवर (पायांची ताकद मोजणारं यंत्र) 20 मिनिटांची सरासरी पाहा. तो नसेल तर वारा नसलेल्या दिवशी एकट्याने, त्याच चढावर.

प्रश्न: आमच्या सेगमेंटवर पहिला नंबर ताशी 52 किमी सरासरीचा आहे. सपाट मार्ग, मध्ये दोन अरुंद वळणं. खोटं आहे हे उघड आहे. काय करता येतं?

खोटंच असेल असं नाही, चुकून झालेलं असू शकतं. फेरी संपल्यावर नोंद बंद करायची राहिली आणि माणूस गाडीत बसला, किंवा विजेच्या सायकलची फेरी साध्या सायकलच्या नावावर चढली, हे नेहमीचे प्रकार. त्या फेरीचं पान उघडा. वेगाचा आलेख वळणांवरही खाली येत नसेल, हृदयगती निवांत असेल, किंवा नकाशावरची रेघ मार्गाऐवजी शेजारच्या रस्त्यावर असेल, तर शंका पक्की. रेघ मध्येच सरळ उडी मारत असेल तर ती जीपीएसची चूक. फेरीच्या मेन्यूत हरकत नोंदवायची सोय असते, तिथे कारण निवडा. त्या माणसाला कळतं, आणि त्याला फेरीचा गाडीतला तुकडा कापून टाकता येतो किंवा प्रकार बदलून 'ई-बाइक' करता येतो. ई-बाइकची यादी वेगळी असते. आधी साधा निरोप पाठवला तर बहुतेक जण स्वतःच दुरुस्ती करतात. चारचौघांत 'चोर' म्हणून मोकळं होऊ नका.

प्रश्न: धोकादायक सेगमेंट बंद करता येतो का?

स्ट्राव्हावर सेगमेंटच्या पानावर तो 'धोकादायक' म्हणून नोंदवता येतो. तसं झालं की यादी दिसेनाशी होते आणि पहिल्या नंबरचा मुकुट, पदकं मिळणं थांबतं. अडचण अशी की एकाच मार्गावर पाच-सहा सेगमेंट एकमेकांवर चढलेले असतात, कुणाची सुरुवात 40 मीटर आधी, कुणाची नंतर. एक बंद केला तरी बाकीचे चालू राहतात, शिवाय कुणीतरी नवा बनवतं. म्हणून नकाशावर त्या पट्ट्यातले सगळे शोधा आणि प्रत्येक नोंदवा. कारण नेमकं डोळ्यांपुढे ठेवा: रस्त्याचं क्रॉसिंग, शाळेचं फाटक, आंधळं वळण, पुलाखालचा अरुंद भाग. नुसती गर्दी आवडत नाही म्हणून नोंदवू नका. त्याने खऱ्या तक्रारीही हलक्या होतात.

प्रश्न: आमचा गट स्वतःचे सेगमेंट बनवून महिन्याची स्पर्धा घेणार आहे. कुठे आणि कसे आखावेत?

आधी ठिकाण. चढ घ्या. वेग ताशी 12 ते 18 किमी राहतो, थांबायला पाच ते आठ मीटर पुरतात, मागे लपून फारसा फायदा होत नाही आणि जीपीएसची चूकही नगण्य ठरते. सुरक्षितता आणि न्याय दोन्ही एकाच निवडीत साधतात असं ठिकाण दुसरं नाही. लांबी दीड ते चार किलोमीटर ठेवा. उतार अजिबात नको.

मग टोकं. सेगमेंट एखाद्याच्या फेरीच्या नोंदीवरून बनतो, म्हणून दर सेकंदाला नोंदवलेली, स्वच्छ रेघ असलेली फेरी वापरा. आरंभाचा बिंदू वळणाच्या किंवा क्रॉसिंगच्या पुढे, निदान 30 मीटर सरळ रस्ता झाल्यावर. दोन वाटा समांतर जातात तिथे टोक ठेवू नका, बाजूच्या वाटेवरचेही मोजले जातील. शेवटाला जास्त जपा. रेषा नेमकी कुठे पडते याची खात्री नसल्यामुळे प्रत्येक जण ती ओलांडून वीस-तीस मीटर जोर लावतच राहतो, त्यात थांबायचं अंतर मिळवा. सपाटीवर पुढचं क्रॉसिंग किंवा फाटक किमान 100 मीटर लांब हवं. चढावर 50 मीटर चालतील.

मध्ये सिग्नल किंवा क्रॉसिंग येत असेल तर सेगमेंटचे दोन तुकडे करा आणि वेळांची बेरीज घ्या. मधल्या भागाला घड्याळच नसेल तर तिथे पाय टेकायला कुणाची ना नसते. बेरजेसाठी एकाने साधा तक्ता ठेवला की भागतं. सेगमेंट खासगी ठेवता येतो, पण मग तो बनवणाऱ्यालाच दिसतो हे लक्षात घ्या.

नियमांत दोन गोष्टी लिहूनच टाका: फेरी एकट्याने, आणि महिन्यातल्या सर्वोत्तम वेळेऐवजी तीन सर्वोत्तम वेळांची सरासरी. एकदाच वारा लागला किंवा जीपीएस दयाळू झालं, तर त्याचा फायदा तीनात वाटला जातो. वेगापेक्षा सातत्य हवं असेल तर स्ट्राव्हाने 2020मध्ये आणलेली 'लोकल लेजंड'ची पद्धत आहे. त्यात 90 दिवसांत सगळ्यात जास्त वेळा जाणारा पुढे असतो, कितीही हळू गेला तरी. सामायिक मार्गासाठी स्पर्धा हवीच असेल तर हीच घ्या.

प्रश्न: अपघात झाला तर ॲप जबाबदार धरता येतं का?

अमेरिकेतलं उदाहरण आहे. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या उतारावर गेलेला विक्रम परत मिळवताना एक सायकलस्वार अपघातात मरण पावला. कुटुंबाने स्ट्राव्हावर केलेला दावा 2013 मध्ये न्यायालयाने काढून टाकला, खेळातली अंगभूत जोखीम चालवणाऱ्याने पत्करलेली असते या आधारावर. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चौकात सायकलच्या धडकेने एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्यात सायकलस्वाराने गुन्हा कबूल केला आणि त्याला 1000 तास समाजसेवा व तीन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन) मिळाली. कायदे देशागणिक वेगळे असतात, पण तुमच्या फेरीची सेकंदासेकंदाची वेगाची नोंद तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते, हे धरून चाला.

प्रश्न: मी रोज पायी फिरणारी आहे, सायकलवाली नाही. मागून सुसाट येणाऱ्यांचा त्रास होतो. काय करावं?

कडेने, एका सरळ रेषेत चाला. एक कान मोकळा ठेवा आणि घंटी ऐकू आली तर चटकन बाजूला उडी मारू नका, आहात तिथेच राहा. सायकलवाला तुमच्या रेषेचाच अंदाज बांधून बाजूने जात असतो. तक्रार मार्गाची देखभाल करणाऱ्यांकडे करा. 'सायकलवाले बेफाम असतात' एवढंच लिहू नका, जागा, वार, वेळ लिहा. एकाच ठिकाणच्या पाच-सहा तक्रारी जमल्या की तिथे वेग कमी करायला लावणारे दांडे किंवा खरबरीत पट्टे घालता येतात. ओळखीतला कुणी हे ॲप वापरत असेल तर त्याच्याकडून त्या जागी सेगमेंट आहे का ते बघून घ्या, आणि असेल तर वर सांगितल्याप्रमाणे त्यालाच तो धोकादायक म्हणून नोंदवायला लावा.