गोठ्यातली येझदी घेऊ का नको?

प्रश्न : दादा नमस्कार, मी मूळचा कराडजवळच्या एका गावचा, नोकरीला चाकणला. आमच्या शेजारच्या काकूंच्या गोठ्यात येझदी रोडकिंग उभीये, १९८७ ची. काका २०१३ ला गेले आणि त्याच्याआधी पण तीन-चार वर्षं गाडी बंदच होती, म्हणजे पंधरा वर्षं तरी झालीच. वरती कडब्याच्या पेंढ्या, सीटमध्ये उंदरांनी घर केलंय, दोन्ही टायर रिमपर्यंत बसलेत आणि किक जागची हलत नाही. काकू म्हणतात ४५ हजार दे न घेऊन जा, कोणीतरी त्यांना सांगितलंय की येझदीला आता लाखाला मागणी आहे. आरसी बुक सापडत नाहीये, काकांच्या जुन्या पाकिटात एक झेरॉक्स तेवढी मिळाली. त्यांचा थोरला मुलगा इथेच असतो तो हो म्हणतो, धाकटा पनवेलला असतो त्याला अजून काही विचारलेलं नाही. लहानपणी काका मला टाकीवर बसवून बाजारला न्यायचे त्यामुळे ही गाडी भंगारात गेलेली मला बघवणार नाही, पण बायको म्हणते तेवढ्या पैशात सेकंडहँड स्प्लेंडर येईल आणि ती चालेल तरी. मेकॅनिक म्हणतो आण, बघू. काय करू?

उत्तर : मेकॅनिक 'आण, बघू' म्हणतो तेव्हा त्याचं काही जात नाही, जातं ते तुमचं. गाडी घ्या, माझी ना नाही, पण आज नको आणि ४५ ला तर अजिबात नको. आणि इंजिन जाम आहे याचं टेन्शन तुम्ही घेताय ते चुकीच्या जागी घेताय. इंजिन लोखंडाचं असतं, त्याला लेथवाला आहे, फिटर आहे, पैसे टाकले की होतं. कागदाचं तसं नाही. ज्या माणसाच्या नावावर गाडी आहे तो गेला, ओरिजनल बुक नाही, एक वारस पनवेलला आणि त्याला पत्ता नाही, हे तुमचं खरं जाम झालेलं इंजिन आहे.

आता नीट ऐका. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, मग दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. १९८७ ची म्हणजे २००२ ला पहिल्यांदा संपलं, पुढे काकांनी केलं का, किती वेळा केलं ते त्या झेरॉक्सवर शिक्का असेल तर दिसेल. झेरॉक्स घेऊन आधी आरटीओत जा. ८७ चा नंबर म्हणजे एमएच सिरीजच्या आधीचा, जुन्या रजिस्टरातला, तो कॉम्प्युटरवर चढलाय का ते बघायचं. मोबाईलवर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये टाकून बघा, दिसला तर अर्धं काम झालं. नाही दिसला तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी जुन्या रजिस्टरात ती नोंद सापडायला पाहिजे. नाहीच सापडली तर तिथेच थांबा. मग ती गाडी नाही, शोपीस आहे आणि शोपीसला मी भंगाराच्या वर एक रुपया देणार नाही.

नोंद सापडली की पुढचा रस्ता सरळ आहे, फक्त लांब आहे. बुक हरवल्याची पोलिसात तक्रार, डुप्लिकेटसाठी फॉर्म २६, काका गेले म्हणून वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची लेखी संमती, मग वारसाकडून तुमच्याकडे यायला २९ आणि ३०, आणि रिन्यूअलचा फॉर्म २५. कुठला अर्ज आधी कुठला नंतर हे काउंटरवरच विचारून घ्या, एजंटकडून नको, एजंट सगळ्याला 'होतंय की साहेब' म्हणतो. वीस वर्षांवरच्या दुचाकीला रिन्यूअलची फी २०२५ पासून २००० झालीये, वर पर्यावरण कर, आणि उशिराबद्दल महिन्याला ३०० असा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. वर्षाचे ३६०० झाले, असे किती महिने तुमच्या डोक्यावर बसतात ते आधी काढा आणि ती रक्कम काकूंच्या किमतीतून वजा करून बोला. कोणी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाक, नाही बसत, त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, तुमची अजून चाळिशीच्या आतबाहेर आहे.

आणि यातली खरी मेख अशी की रिन्यूअलला गाडी आरटीओत दाखवावी लागते, म्हणजे लाइट-हॉर्न-ब्रेक सगळं चालू करून. म्हणजे तुमचे पैसे गाडीत आधी जाणार आणि नाव नंतर लागणार. मधल्या काळात पनवेलवाला आला आणि म्हणाला 'बाबांची गाडी विकायची नव्हती' तर तुमची चकचकीत येझदी त्यांच्या अंगणात. म्हणून धाकट्याला आजच फोन करा, तुम्ही नको, काकूंनी करायचा. हो म्हणाला तर लिहून घ्या. नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला, शेजार मोडून गाडी घ्यायची नसते.

आता गोठ्यात जाऊन काय बघायचं ते. सोबत टॉर्च, एक छोटं लोहचुंबक, प्लगपाना आणि जुनं फडकं न्या. पहिलं चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, घाण पुसून झेरॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळवा. आकडे घासल्यासारखे किंवा वेगवेगळ्या खोलीचे दिसले की हात लावू नका. मग टाकीत टॉर्च मारा. वरवरचा तांबूस गंज निघतो, पापुद्रे सुटलेले असतील तर टाकी गळणार. टाकीवर आणि मडगार्डवर चुंबक फिरवा, कुठे धरलं नाही तर आत पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी भरलीये. मग सगळ्यात महत्त्वाचं, काय काय नाहीये ते लिहून काढा. मीटर, कार्बोरेटर, साइड कव्हर, दोन्ही सायलेन्सर, अगदी टूलबॉक्सचं झाकण सुद्धा.

हे एवढं का सांगतोय, तर मी स्वतः एकदा फसलोय. यामाहाची आरएक्स हंड्रेड होती, तीन गोण्यांत भरलेली, १८ हजाराला घेतली आणि दोन महिन्यांत जोडतो म्हणालो. इंजिनाला जेवढे गेले त्याच्यापेक्षा जास्त गहाळ झालेल्या फालतू गोष्टींना गेले, एका साइड पॅनलसाठी मी पाच-सहा रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात घातले. शेवटी ६० च्या वर आकडा गेला तेव्हा मी वही लिहायची बंद केली. म्हणून तुमची गाडी एका जागी, अख्खी, कडब्याखाली का होईना पण उघडलेली नाही, ही तिची सगळ्यात मोठी किंमत आहे. अर्धवट खोललेली गाडी निम्म्या भावात मिळाली तरी महाग पडते.

किक हलत नाही म्हणालात. येझदीला किकची आणि गिअरची दांडी एकच, हे तुम्हाला माहीतच असेल काकांच्या पुढे टाकीवर बसून. जाम इंजिनावर या दांडीवर नाचू नका, आतले दाते गेले की किक घसरत राहते. प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल सोडा, प्लग हलका लावून आठवडाभर विसरून जा. मग गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढेमागे हलवा. सुटली तर पिस्टनच्या रिंगा चिकटल्या होत्या एवढंच, सिलिंडरचं रीबोअर, म्हणजे आतून घासून घेणं, आणि नवा पिस्टन, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सुटल्यावर आतून खरखर आली तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या रॉडनं फिरणारा खालचा दांडा, गेलाय असं धरा. जुनी येझदी टू-स्ट्रोक, त्यात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, बेअरिंगला तेवढंच काय ते तेल. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, उघड्या सायलेन्सरमधून पावसाळ्याची दमट हवा आत येते आणि बेअरिंग गंजतं, बाहेरून काही कळत नाही. क्रँक प्रेसवर उघडायचा, रॉड-बेअरिंग बदलायचं आणि ट्रू म्हणजे बरोबर सरळ करून बसवायचा, हे गल्लीतल्या मेकॅनिकचं काम नाही. तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे, उद्यमनगरात टर्नर मंडळी आहेत, जुन्या येझदीचं काम केलेला माणूस विचारत विचारत सापडेल. खरखर असेल तर तेवढा खर्च भावातून कमी करायला सांगायचा, लाजायचं नाही. शेजारच्या काकू आहेत म्हणून संकोच वाटतो मला कळतं, मग थोरल्याशी बोला.

पार्ट्सचं म्हणाल तर म्हैसूरची कंपनी १९९६ ला बंद पडली. नवीन येझदी २०२२ पासून परत आलीये पण ती फोर-स्ट्रोक, वॉटर कूल्ड, जुनीशी नावापलीकडे तिचं काही नातं नाही, तिचे पार्ट विचारायला शोरूमला जाऊ नका, हसतील. पुण्याच्या नाना पेठेत लोकल बनावटीचे केबल, रबर, लायनर मिळून जातात. पिस्टन मात्र स्वस्तातला घेऊ नका.

रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, आधी टाकी मरून करून फोटो टाकतात आणि मग वर्षभर इंजिन पोत्यात पडून राहतं. आणि पेट्रोलचं एक. पंपावर आता ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि जुने रबर पाइप, सील फुगवतं, तेव्हा सगळं रबर नवीन टाका आणि गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. लिटरला ४० मिलीच्या आसपास टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल स्वतः मोजून घालायचं, ते पंपावरचं टूटीचं मशीन आता कुठे राहिलंय.

वहिनींचं म्हणणं बरोबरच आहे. स्प्लेंडर रोज चाकणला घेऊन जाईल, येझदी नाही नेणार. रोजची गाडी म्हणून घेत असाल तर त्यांचं ऐका. पण तुम्हाला काकांची गाडी हवीये, त्याला स्प्लेंडर हे उत्तर नाही. मी असतो तर काकूंना म्हणालो असतो, कागद तुम्ही वारसाच्या नावावर करून द्या, त्याचा खर्च मी करतो, आणि गाडीचे २० देतो. तोवर पेंढ्या काढून तिच्यावर एक ताडपत्री तेवढी टाका.

प्रश्न : नाशिकला एक जण पूर्ण रिस्टोअर केलेली आरएक्स हंड्रेड दीड लाखाला देतोय, २००२ चं मॉडेल, सिंगल ओनर. भाव बरोबर आहे का?

उत्तर : भावाचं नंतर. आरएक्स हंड्रेड १९९६ लाच बंद झाली, मग २००२ ला ती आली कुठून? एकतर ती आरएक्स १३५ आहे आणि वर हंड्रेडचे स्टिकर लावलेत, नाहीतर दोन-तीन गाड्यांची भेळ आहे. १३५ वाईट गाडी नाही, पण ती १३५ च्या भावात घ्यायची. आरसीवर सीसीचा रकाना बघा, हंड्रेड असेल तर ९८ दिसेल, १३५ असेल तर १३२. आणि सिंगल ओनर म्हणतोय ना, मग विकणाऱ्याचं नाव आरसीवर आहे का तेही त्याच वेळी वाचून घ्या.