घर विकलं, गाडीत राहतोय. आता आमचा पत्ता कोणता?

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो. कोथरूडचा फ्लॅट विकून आम्ही दोघांनी सेकंडहँड सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. गॅरेजवाल्याकडून सीट काढून पलंग, ओटा, छोटं संडास-बाथरूम करून घेतलं. आठ महिने गाडीतच राहतोय. मतदार यादी, आधार, आरसी सगळं अजून विकलेल्या फ्लॅटच्या पत्त्यावर आहे. साताऱ्याला भाऊ असतो. त्याचा पत्ता लावला तर खोटेपणा होईल का? शिवाय कुडाळजवळ पोलिसांनी अडवलं. आरसीवर सतरा सीट आणि आत पलंग, हे बघून ताकीद देऊन सोडलं. मेहुणे म्हणतात, साध्या लायसन्सवर ही गाडी चालवताच येत नाही.

उत्तर: तुम्ही पत्त्याची काळजी आधी लिहिली आहे आणि आरसीची नंतर. मी क्रम उलटा करते. पत्ता चुकला तर हेलपाटे पडतील. आरसी चुकीची राहिली, तर एका अपघातात फ्लॅट विकून हाती आलेले पैसे जाऊ शकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कुडाळच्या पोलिसांनी समजून घेतलं, पुढच्या नाक्यावरचे घेतीलच असं नाही. पण मला दंडापेक्षा विम्याची भीती जास्त वाटते. पॉलिसी सतरा सीटच्या बसची आणि जळाली ती स्वयंपाकघर असलेली गाडी, तर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारायचं आयतं कारण पडतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पलंगाखाली १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर नायलॉनच्या दोरीने बांधलेला दिसतो. त्याची नळी प्लायवूडला पाडलेल्या भोकातून ओट्यापर्यंत गेली आहे आणि भोकाची कड नळीला घासते आहे. हा सिलिंडर आजच बाहेर काढा. घरगुती कनेक्शन ज्या पत्त्यावर दिलं, तिथल्या स्वयंपाकासाठी असतं आणि तो पत्ता आता तुमचा नाही, हा कायद्याचा भाग झाला. तुम्ही दोघं रोज त्याच्यावर झोपता, हे मला जास्त लागलं. पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा सिलिंडर हा कायदेशीर मार्ग आहे. पण हवा खेळती असलेला, बाहेरून उघडणारा कप्पा करून घेतल्याशिवाय तोही गाडीत ठेवू नका. तोपर्यंत इंडक्शनवर भागवा.

आता आरटीओचं. गाडीची पाटी पिवळी की पांढरी, ते तुम्ही कळवलेलं नाही. अशा गाड्या बहुतेक प्रवासी वाहतुकीच्या असतात. पिवळी असेल तर आधी परमिट जमा करून गाडी खासगी करून घ्यावी लागेल आणि टॅक्सचा फरक भरावा लागेल. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत धरली आहे, तेव्हा तुमची मागणी जगावेगळी नाही. अशा घरवजा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. गॅरेजवाल्याकडून बिलं आणि कामाचा नकाशा घ्या आणि ते मानक माहीत असलेल्या, मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरला, म्हणजे गाडीची बॉडी बांधणाऱ्याला, काम दाखवा. खरं तर परवानगी आधी घ्यायची आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत आरसीवर नोंद करायची असते. तुमचा क्रम उलटा झाला आहे. तरी नाक्यावर सापडण्यापेक्षा स्वतः अर्ज घेऊन जाणं कधीही बरं. पलंग-ओटा काढून पुन्हा बसवायला सांगतील, अशी तयारी ठेवा. नोंद झाली की त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसी बदलून घ्या.

मेहुण्यांची शंका जुनी झाली. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल, तर साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर परिवहन गाडीही चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं आहे. आरसीवरचं वजन तेवढं बघून घ्या.

पत्त्याचं म्हणाल, तर कायद्याला गाडीचा नंबर पत्ता म्हणून चालत नाही. मतदार यादीसाठी शब्द आहे ‘सर्वसाधारण रहिवासी’. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० प्रमाणे नुसती घराची मालकी असल्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही आणि तात्पुरता बाहेर गेल्याने त्याचं रहिवासीपण संपतही नाही. म्हणजे साताऱ्याचं घर भावाच्या नावावर आहे, ही अडचणच नाही. तुम्ही तिथे खरोखर परतता का, हा प्रश्न आहे. तिथे तुमची एक खोली, एक कपाट असू द्या, टपाल येऊ द्या, पावसाळा तिथे काढा. मग मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरताना हात थरथरायला नको. मात्र ज्या घरात पाऊलही टाकत नाही, त्याचा पत्ता लिहिलात तर ते खोटं निवेदन होतं आणि त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. बेघर माणसालाही मत आहे. तो सांगतो त्या जागी खरंच झोपतो का, हे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक अधिकारी, रात्री येऊन बघतो, कागद मागत नाही. पण तुम्ही आज गणपतीपुळ्याला तर उद्या हंपीला. बीएलओ तुम्हाला शोधणार कुठे?

आधारचा पत्ता कुटुंबप्रमुख म्हणून भावाच्या संमतीने बदलता येईल. आरसीवरचा पत्ता खरं तर घर बदलल्यापासून तीस दिवसांत कळवायचा होता, तोही आता उरकून टाका. याला क्षुल्लक समजू नका. योग्य पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो. फ्लॅटच्या नव्या मालकाने ती कचऱ्यात टाकली, तर निस्तरावं तुम्हालाच लागेल.

मुक्कामाबद्दल थोडंच सांगते. सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी गाडी पोलीस उचलू शकतात, म्हणून दोघंही एकदम गाडी सोडून लांब जाऊ नका. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. दुसऱ्या राज्यात गाडी सलग बारा महिन्यांवर ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तुमच्या फिरतीत तो प्रश्न येऊ नये.

आणि एक, तुम्ही न विचारलेलं. गाडी एकट्या तुमच्या नावावर आहे. आता तेच तुमचं घर आहे. आरटीओत जाल तेव्हा आरसीवर पत्नीचं नाव नॉमिनी म्हणून लावून घ्या. २०२१ पासून ती सोय आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून साताऱ्याला गेलात की दोन साक्षीदारांसमोर साधं मृत्युपत्रही करा आणि त्यात गाडीचा नंबर लिहा.