चवथीआधी कंबरेचं काय करू?

प्रश्न : मी डिचोलीची, वय ५२. वैशाखात नळ आटले तेव्हा विहिरीवर भरलेली कळशी उचलताना कंबर धरली. चार महिने झाले, दुखणं जात नाही. पाय मात्र दुखत नाहीत. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल-४, एल-५ मणक्यांमधली डिस्क (गादी) फुगल्याचं आलं. तेव्हापासून पट्टा लावते, वाकत नाही, दुपारभर पडून राहते. सासूबाई म्हणतात, "मणका सरकला, आता हे जन्माचं." गणेश चवथ तोंडावर आलीय. नारळ, नेवऱ्या (करंज्या), वीस माणसांचं जेवण कसं निभावू?

उत्तर : ताई, डिस्क फुगणं म्हणजे मणका सरकणं नव्हे, हे आधी सासूबाईंना सांगा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले, तरी त्यातल्या साधारण ६० टक्क्यांत असा फुगवटा दिसतो. केसं पिकावीत तसंच ते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रिपोर्ट वाचून घाबरलेली आणि घाबरून आखडलेली माणसं माझ्याकडे रोज येतात. तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती दुपारभर पडून राहण्याची. त्याने स्नायू ढिले पडतात आणि कंबर आणखी हट्टी होते. पट्ट्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे वापरू नयेत असंच सांगितलंय. तुमचा आता कपाटात जाऊ द्या.

आजपासून सकाळ-संध्याकाळ चाला, दहा मिनिटांपासून सुरुवात करून वाढवत न्या. मग चटईवर उताणं झोपून, गुडघे दुमडून, पावलं जमिनीवर टेकवून कंबर वर उचला, पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. असं दहा वेळा. थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर निम्म्यावर या. ताठ वाटलं तर पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी घ्या.

आता आदोळी, म्हणजे नारळ खोवायची विळी. जमिनीवर एक पाय दुमडून, पुढे वाकून दहा नारळ खोवणं कोणाच्याही कंबरेला जड जातं, तुमच्या तर जाईलच. आदोळी ओट्यावर ठेवून, कोणाला तरी घट्ट धरायला लावून उभ्यानं खोवा. नाहीतर सरळ मिक्सरवर करा, देव रागावत नाही. नेवऱ्या टेबलावर लाटा आणि दर अर्ध्या तासाला उठून अंगणात एक फेरी मारा. बसणं वाईट नाही, एकाच जागी बसून राहणं वाईट. कळशी उचलायचीच असेल तर अर्धी भरा, गुडघे आणि खुबे वाकवून अंगाशी धरून उचला. माटोळी (गणपतीच्या वरचं फळाफुलांचं छत) बांधायला शिडीवर मुलांना चढवा, तुम्ही खाली उभ्या राहून हुकूम सोडा.

वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेत राहू नका, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अजिबात नाही.

मात्र जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातली ताकद गेली, तर चवथीच्या दिवशीसुद्धा थांबू नका, लगेच बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा. ताप येऊन कंबर दुखू लागली किंवा वजन कारण नसताना उतरू लागलं, तरी डॉक्टरांना दाखवा.