आतून उलटा करून बघ

पत्र:

ताई, मी २४ वर्षांची. मूळची मंगळवेढ्याची, दोन वर्षांपासून पुण्यात खराडीला नोकरी करते. फ्लॅटवर आम्ही चौघी राहतो. मला कपड्यांचं लहानपणापासून वेड आहे, पण मला आवडतात ते जरा वेगळेच. माझा जांभळा खणाचा कुर्ता, त्याला हिरवा काठ. आजीने दिलेली नऊवारी इरकल, काळपट निळी, तांबड्या पदराची. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तो कुर्ता घालून निघाले तर रूममेट म्हणाली, "काय गं, हळदीकुंकवाला चाललीस का?" तेव्हापासून माझं नाव ‘काकूबाई’. ती मनाने वाईट नाही, गमतीत म्हणते. पण मी तो कुर्ता परत घातला नाही. त्यांच्यासारख्या बॅगी जीन्स, क्रॉप टॉप, को-ऑर्ड सेट घेत सुटले. ३४९ला टॉप मिळतो, मग विचार कशाला करायचा, असं वाटायचं. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ होतंच. परवा हिशेब केला. वर्षभरात ६१ हजार, त्यातले १४ हजार अजून भरायचे आहेत. आईला माहीत नाही. आणि रोज सकाळी कपाट उघडलं की घालायला काही नसतं. पुढच्या महिन्यात ऑफिसचा वर्धापनदिन आहे. इरकल नेसावी असं फार वाटतं, पण धीर होत नाही. मी खरंच मागासलेली आहे का?
– कपाटासमोर उभी

उत्तर:

नाही गं. मागासलेली अजिबात नाहीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. खणाच्या कुर्त्याचा तू रंग सांगितलास, काठ सांगितलास. इरकलीचा पदरसुद्धा सांगितलास. आणि ६१ हजारांचे जे कपडे घेतलेस त्यातल्या एकाचाही रंग तुझ्या पत्रात नाही. नुसती नावं आहेत. तुला फॅशन कळत नाही असं कोण म्हणेल? तुला काय आवडतं ते तुला पक्कं ठाऊक आहे. तुझ्या वयात फार थोड्यांना ते ठाऊक असतं, मला तर मुळीच नव्हतं.

माझंच सांगते. मी अकरावीत गेले तेव्हा आईने तिच्या एका सुती साडीचा मला ड्रेस शिवला होता. मोरपंखी रंग, बारीक पांढरी चौकट. वर्गातल्या मुली तेव्हा बाजारातले तयार ड्रेस घालायच्या. मी काय करायचे, घरून तो ड्रेस घालून निघायचे आणि वाटेत मैत्रिणीच्या घरी जाऊन तिचा घालायचे. संध्याकाळी परत आईचा. महिनाभर हे चाललं. मग एक दिवस आई धुण्याला कपडे भिजवताना थांबली. ड्रेस हातात घेऊन तिने काखेपाशी बघितला, मागच्या बाजूला बघितला. दिवसभर कॉलेजात बसून आलेल्या कपड्याला चुण्या पडतात, घाम लागतो. त्याला काहीच नव्हतं. आई बोलली नाही. घडी घालून तो कपाटात ठेवला आणि पुढच्या आठवड्यात माझ्या हातात पैसे दिले, "तुला हवा तसा घेऊन ये." तो घेतलेला ड्रेस कसा होता ते मला आज आठवत नाही.

आईचा मात्र अजून माझ्याकडे आहे. लग्नानंतर एकदा तो उलटा करून बघितला तर दोन्ही कुशींना आतून चांगली दोन-दोन बोटं माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, ठेवलेली होती. मी अंगाने भरले तर उसवून सैल करता यावा म्हणून.

हे तुला सांगायचं कारण, आज रात्री तू एक काम करावंस असं मला वाटतं. कपाटातले ते सगळे नवे कपडे पलंगावर काढ आणि एकेक आतून उलटा करून बघ. शिवणीत माया आहे का? बहुतेकांत नसेल, इंटरलॉकच्या टाक्याला लागून कापड कापलेलं असेल. म्हणजे तो कपडा तुझं अंग बदलेल, तू तो चार वर्षं वापरशील, असं धरून कोणी शिवलेलाच नाही. मग लेबल वाच. १०० टक्के पॉलिएस्टर लिहिलं असेल तर एप्रिलच्या पुण्यात तो अंगाला का चिकटतो आणि दोन तासांत वास का धरतो ते कळेल. घाम शोषायचं कामच ते सूत करत नाही.

आणि त्या ३४९ रुपयांबद्दल. इतक्या स्वस्तात कपडा मिळतो तेव्हा त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजलेली असू शकते. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तिथे परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जायचे. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले म्हणून खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली होती. शिवणाऱ्यांना मात्र कामावर यायला लावलं. १,१००हून जास्त माणसं गेली, त्यात तुझ्या वयाच्या कितीतरी मुली होत्या. तू घेतलेला टॉप असाच शिवला गेला असं मी म्हणत नाही. पण ‘विचार कशाला करायचा’ असं तू लिहिलंस, ते वाचून मला या मुली आठवल्या.

आता ट्रेंडचं. मी ट्रेंडच्या विरोधात नाही आणि तूही होऊ नकोस. तुझा लाडका खणच बघ. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला तो विणतात. पूर्वी त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, जेमतेम चोळीपुरता असायचा. आपल्या आज्या त्याच्याच चोळ्या घालायच्या, ओटीत तोच द्यायच्या. मग मागे पडला. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, कुर्ते, अगदी चपला-पर्सही निघाल्या आणि त्याला पुन्हा गिऱ्हाईक आलं. हे ट्रेंडनेच केलं. तुला ‘काकूबाई’ म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणीने गुढीपाडव्याला खणाचं काही घातलं तर मला नवल वाटणार नाही.

चुकतं ते वेगाचं. सत्तरच्या दशकात बेलबॉटम होती. पुढे पायाला घट्ट चिकटणारी स्किनी आली, ती कितीतरी वर्षं टिकली आणि आता परत ढगळी आली. पँटचा घेर बदलायला पूर्वी वर्षं लागायची. आता २०२३च्या जुलैत बार्बीच्या सिनेमाबरोबर सगळं गुलाबी होतं आणि २०२४च्या जानेवारीत ‘मॉब वाइफ’ म्हणून, म्हणजे सिनेमातल्या माफियाच्या बायकोचा थाट म्हणून, फरचे कोट आणि बिबट्याचे ठिपके आले. मधे सहा महिने. खराडीत फरचा कोट कोण घालणार, पण रीलवर तो दिसत राहतो आणि आपल्याकडचं सगळं जुनं झालं असं वाटायला लागतं. तुझ्या कपाटात घालायला काही नाही असं तुला वाटतं ते यामुळे. तिथे कपडे आहेत, पण ते दुसऱ्यांच्या आवडीचे आहेत.

साइजबद्दल तू लिहिलं नाहीस, तरी सांगते, कारण या वयाच्या मुली ट्रायल रूममध्ये रडतात हे मला त्यांच्या पत्रांवरून माहीत आहे. एका ब्रँडची एम होते, दुसऱ्याची एक्सएलसुद्धा होत नाही, यात दोष तुझ्या अंगाचा नाही. आपल्याकडचे तयार कपडे वर्षानुवर्षं परदेशी मापांचे तक्ते इकडेतिकडे करून बनत आले. भारतीय अंगाची मापं पद्धतशीर घेण्यासाठी निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेला ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घ्यावा लागला, तोही अगदी अलीकडे. तुझ्या गल्लीतला टेलर मात्र टेप तुझ्याच अंगाला लावतो. चांगलं सुती कापड घेऊन एक कुर्ता शिवून बघ आणि त्याला आधीच सांग, "काका, कुशीत माया ठेवा."

पैशांचं मात्र मी स्पष्ट बोलणार आहे. ते १४ हजार आधी फेड. फेडून होईपर्यंत एक रुमालसुद्धा नवा नको. फोनमधलं ते ‘नंतर भरा’ बंद कर, कार्डाचा नंबर साठवला असेल तर काढून टाक. लेबल न काढलेले कपडे असतील तर परत करता येतात का बघ, बाकीचे विकून टाक, पुण्यात जुने कपडे घेणाऱ्या मुली ढिगाने मिळतील. आणि आईला सांग. मला कळतं हे सगळ्यांत अवघड आहे. पण लपवलेलं आईच्या हाताला कसं कळतं ते मी वर लिहिलंच आहे. रक्कम सांग आणि ती कशी फेडतेस तेही त्याच दमात सांग. ती रागावेल. रागावू दे.

तुझ्या मैत्रिणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ती वाईट नाही असं तू दोनदा सुचवलंस, म्हणजे तुला ती हवी आहे. मग तिला कळू दे. भांडू नकोस, एखाद्या रात्री चहा घेताना म्हण, "तू काकूबाई म्हणालीस तेव्हापासून मी तो कुर्ता घातला नाही, मला तो फार आवडतो." एवढंच. तिला बहुतेक आठवणारही नाही ती काय बोलली ते. ऐकून ती वरमली तर मैत्रीण आहे. हसली तर तिच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुझं तुला कळेल. आणि सोमवारी तो कुर्ता घाल. खाली तुझी बॅगी जीन्स घातलीस तरी चालेल, तीत तुला बरं वाटत असेल तर. जांभळ्या खणाखाली फिकी निळी जीन्स मला तरी छान दिसेल असं वाटतं.

आता इरकल. नेस, नक्की नेस. पण आज ट्रंकेतून काढून एकदम वर्धापनदिनाला नेसू नकोस. जुन्या साडीचा जीव घडीवर जातो. आधी सावलीत पसरून ठेव, उन्हात नको. मग पदर उजेडासमोर धरून बघ. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, असतो, अंगाच्या सुताच्या ताण्याला तो फास्याफास्यांनी जोडलेला असतो, त्या जोडाला ‘टोप तेनी’ म्हणतात. त्या जोडावर आणि घड्यांवर बोट फिरव. कुठे विरलेलं दिसलं तर मागून मलमलीची पट्टी लावून घे. ठेवताना दर वेळी घडी बदल आणि जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. कुणी म्हणालं कापून ड्रेस शिव, तर या साडीला तरी कात्री लावू देऊ नकोस.

ब्लाउज कोणता, दागिना कोणता, हे मी सांगणार नाही. त्यात तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

फक्त नऊवारी आहे, हे लक्षात घे. महिनाभर हातात आहे. व्हिडिओ बघून शिकता येईल, पण तुझ्या आजीने आयुष्यभर ती नेसली आहे. या रविवारी तिला व्हिडिओ कॉल लाव, फोन आरशाला टेकवून ठेव आणि म्हण, "आजी, काष्टा कसा घालायचा?" पहिल्या दिवशी निऱ्या सुटतील. ती तिकडून ओरडेल, "अगं घट्ट धर!" परत घाल.

तुझी,
ताई