उंबऱ्याबाहेरचे बूट

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांमध्ये मी समुपदेशनासाठी बसते. आतल्या खोलीत सतरंजी आहे, त्यामुळे चपला बाहेर काढाव्या लागतात. निनाद (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही) पहिल्या दिवशी दारातच थबकला. "मॅडम, बूट घालून आलो तर चालेल?"

मी म्हटलं, "ये." तो संपूर्ण तास बूट घालून बसला. त्या बुटांत दोन इंचांचे इनसोल होते, हे त्याने तिसऱ्या भेटीत सांगितलं.

वय सत्तावीस, मूळ बार्शीकडचा, नोकरी हिंजवडीत. खरी उंची १६३ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट चारच्या आसपास. फोनवरच त्याने प्रश्न मांडला होता: पाय लांब करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचंय, सात सेंटिमीटर, फायदे-तोटे तटस्थपणे सांगा. हा प्रश्न अलीकडे बऱ्याच जणांकडून येतो. काही आयाही विचारतात की मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, अजून वाढेल का. त्याचं उत्तर छोटं आहे. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या चकत्या बंद झाल्या की उंची थांबते. त्या उघड्या आहेत का, हे हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टर सांगू शकतात. एकदा बंद झाल्या की कुठलीही पावडर किंवा बारला लटकणं उपयोगाचं नाही.

निनादच्या बाबतीत पहिली चूक माझीच झाली. मी म्हणाले, "उंचीने काय होतं रे? सचिन पाच फूट पाच इंचांचाच आहे." तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सचिनला कांदेपोहे खायला जावं लागलं नाही."

त्याचं बरोबर होतं. लग्नाच्या बाजारात उंची मोजली जाते. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर तिचा रकाना पगाराच्या आधी येतो. हे नाकारून धीर द्यायला गेलं की समोरचा माणूस पुढचं काही ऐकत नाही. मी माफी मागितली आणि आम्ही कागद घेऊन बसलो.

मी हाडांची डॉक्टर नाही, पण ही पद्धत समजून घ्यावी लागली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. गाव्रिल इलिझारोव यांनी न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी पायाभोवती कड्या आणि तारा बसवायची पद्धत विकसित केली. हाड कापतात, पाच-सात दिवस थांबतात आणि मग रोज एक मिलिमीटर, तोही पाव-पाव करून, ताणत जातात. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आता बाहेरच्या कड्यांऐवजी हाडाच्या आत लांब होणारी रॉड बसवता येते, ती बाहेरून चुंबकाच्या यंत्राने फिरवतात.

माझ्याकडे पूर्वी एक मुलगी येत होती. लहानपणच्या अपघाताने तिचा एक पाय चार सेंटिमीटर आखूड झाला होता. लंगडल्यामुळे तिची कंबर सतत दुखायची. तिने याच पद्धतीने पाय लांब करून घेतला आणि ती आज पर्वतीच्या पायऱ्या चढते. तिच्या बाबतीत फायदा रोजच्या चालण्यात होता. तंत्र तेच, पण निनादचे दोन्ही पाय धडधाकट होते. धडधाकट पाय मोडायचे असतील तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं, तेवढाच प्रश्न होता.

त्याने ऐकलं होतं, "तीन महिन्यांत चालायला लागाल." कुठल्यातरी जाहिरातीच्या व्हिडिओत. मी म्हटलं, आपण मिलिमीटर मोजू. सात सेंटिमीटर म्हणजे सत्तर दिवस नुसतं ताणणं. नवं हाड भरायला दर सेंटिमीटरमागे साधारण महिना किंवा जास्त. तोवर वॉकर, कुबड्या, आणि अनेक प्रकारच्या रॉडवर पूर्ण वजन टाकता येत नाही. मोकळेपणाने धावायला वर्ष, कधी त्याहून जास्त. नंतर रॉड काढायचं आणखी एक ऑपरेशन.

हाड मुकाट्याने लांबतं. कुरकुर करतात ते स्नायू, शिरा आणि नसा. नडगी लांबवली तर पोटरी ताठते, टाच वर उचलली जाते आणि माणूस चवड्यावर चालू लागतो. मांडी लांबवली तर गुडघा वाकत नाही. म्हणून रोज फिजिओथेरपी, रडू येईल इतकी. बाहेरच्या पिनांच्या भोवती जंतुसंसर्ग, हाड वेळेआधी जुळणं किंवा अजिबात न जुळणं, नस दुखावून पाऊल लुळं पडणं, रक्ताची गुठळी. क्वचित हाडातली चरबी फुप्फुसात जाऊन जीवही जातो. पोलादी रॉडचा एक प्रकार तर २०२१ मध्ये कंपनीनेच बाजारातून परत बोलावला होता. शिवाय हात लांबत नाहीत, ते आहेत तेवढेच राहतात.

"आणि मेडिक्लेम?" मी विचारलं. कंपनीचा आहे, म्हणाला. हौसेची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही, हे त्याने पाहिलंच नव्हतं. पैसे फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले होते. गुंतागुंत झाली तर वरचा खर्चही त्यातूनच.

मग मी विचारलं, हे वर्ष तू कुठे काढणार? त्याची खोली कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई येईल, म्हणाला. आईला सांगितलंय का? नाही. तिचे स्वतःचे गुडघे कसे आहेत? तो जरा हसला. "जिना चढताना तीच मध्ये थांबते."

इथवर आम्ही नफा-तोट्याच्या भाषेत बोलत होतो. खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. त्याच्या बायोडेटावर उंची पाच फूट सहा लिहिली होती. इनसोल घालून ती जमूनही जायची. पण आपल्याकडे दारात चपला काढतात. धायरीत एका स्थळाकडे गेला, उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि आत पाऊल टाकताना दोन इंच कमी झाला. मुलीच्या वडिलांनी बुटांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "पोहे घ्या," म्हणाले. नकार दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून आला.

"उंचीमुळे नकार आला," असं तो वर्षभर धरून बसला होता. मी विचारलं, "की खोटं पकडलं म्हणून?" तो बराच वेळ गप्प होता. मला याचं उत्तर माहीत नाही, त्यालाही नाही, पण त्याच्या घशात अडकलेला होता तो बुटांकडे बघितलेला क्षण. मित्रांच्या हळदीला जाणं, देवळात जाणं, सगळं त्याने बंद केलं होतं. दिवसातले दोन-तीन तास आरसा आणि जुने फोटो. हे जेव्हा दिसतं, तेव्हा मी ऑपरेशनचा विषय थोडा बाजूला ठेवते आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. शरीरातला दोष डोक्यात असा घर करून बसला असेल, तर अनेकदा सात सेंटिमीटरनंतर तो नाकाकडे किंवा केसांकडे सरकतो.

जाहिरातवाल्यांऐवजी पायाचा वाकडेपणा दुरुस्त करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं दुसरं मत घे, एवढंही मी सांगितलं. नेण्यासाठी प्रश्न आम्ही मिळून लिहिले: अशा किती जणांचे पाय तुम्ही लांब केलेत? त्यातले किती पुन्हा ऑपरेशनसाठी आले? रात्री दोन वाजता पाय बधिर झाला तर फोन कोण उचलणार? किती सेंटिमीटरवर थांबायचं, हे कोण ठरवणार?

तो डॉक्टरांकडे जाऊन आला. तिथे नकार मिळाला नाही, सात ऐवजी पाच सेंटिमीटरचा आकडा आणि दीड वर्षाचा हिशेब मिळाला. तो हिशेब घेऊन बार्शीला गेला आणि आईला सांगितलं. आई काय म्हणाली, ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आला तेव्हा रॅकवर साध्या चामडी चपला होत्या. बायोडेटा बदललाय, म्हणाला, पाच फूट चार. दोन स्थळांनी त्याच आठवड्यात बघायला नकार दिला, तिसऱ्यांनी बोलावलंय. ऑपरेशन पुढच्या दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय. रद्द केलेलं नाही, हे त्याने मुद्दाम सांगितलं.

निघताना दारात वळला. "पुढच्या वर्षी मी केलंच, तर रागवाल?"

"नाही रे. सतरंजी काढून उंच खुर्ची आणीन. तुझा गुडघा वाकायचा नाही काही महिने."

तो हसला आणि खाली बसून चपलेचा पट्टा लावू लागला.