खांदा बदलायला कोण?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दोनला पाठवलेला तुझा निरोप सकाळी वाचला. पोरं येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, आजच्या मुलांना बांधिलकी नाही, यंदा गावच्या महोत्सवाचं सगळंच इव्हेंट कंपनीला देऊन टाकू का, एवढंच लिहिलंयस. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिलं उत्तर रागात आलं असतं. राग तुझ्यावर नव्हता.

तू सोबत जोडलेली यादी पाहिली. ३६ नावं आहेत. गेट, पार्किंग, पाणी, स्टेज, रंगपटाची खोली, चुलाणं, सगळं मांडलंयस. अक्षरही छान आहे. पण नावासमोर रकाना एकच. त्या माणसाला सोडवायला कोण येणार आणि किती वाजता, ते कुठेच नाही. मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे, आणि तू कंटाळलीस तरी पत्रभर तीच सांगणार आहे. बदली लिही. ज्या कामाला बदली माणूस नाही, ते काम तू कुणाला दिलेलंच नाहीस, नुसता माणूस अडकवून ठेवलायस.

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो हे तुला माहीत आहे. रात्री मुक्कामाला जाणाऱ्या वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला तर कोण जाणार, हे मला दुपारी चारलाच ठाऊक असायचं. आणि तोच मी गावच्या कार्यक्रमात हे विसरलो.

आपला तिसरा महोत्सव. रात्री शक्ती-तुऱ्याची बारी होती, दोन शाहिरांचा गाण्यांतला सवाल-जवाब, म्हणजे पहाटेपर्यंत माणूस हलणार नाही. हमरस्त्याच्या फाट्यावर गाड्या वळवायला मी बारावीतला एक मुलगा उभा केला. हातात बॅटरी दिली आणि सांगितलं, ‘मी येईपर्यंत हलू नकोस.’ तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मग पाहुणे आले, सत्कार झाले, जनरेटर बंद पडला, तो चालू केला. रात्री दीडला मी घरी जायला निघालो तर फाट्यावर कुणीतरी उभं दिसलं. बॅटरी विझत आली होती, कडेच्या दगडावर पाण्याची रिकामी बाटली. शेवटची गाडी साडेदहाला येऊन गेली होती. म्हटलं, ‘अरे, घरी का नाही गेलास?’ म्हणाला, ‘तुम्ही येईपर्यंत हलू नको म्हणालात ना.’ तो जेवलाही नव्हता. जेवण दहालाच संपलं होतं.

मुंबईला नोकरीला आहे आता. शिमग्याला येतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. पण त्यानंतर गावच्या कुठल्याही कामाला त्याने नाव दिलं नाही. मीही विचारलं नाही, विचारायला तोंड कुठे आहे? म्हणून ‘आजच्या मुलांना बांधिलकी नाही’ हे तुझं वाक्य मला पुन्हा दाखवू नकोस. बांधिलकी साडेआठ तास फाट्यावर उभी होती, तिच्याकडे बघायला मी गेलो नाही.

आपल्या पालखीकडे बघ. नाचवताना ती कधी जमिनीला टेकली आहे का? घामाघूम झालेला माणूस बाहेर पडायच्या आतच दुसऱ्याचा खांदा दांड्याखाली गेलेला असतो. ढोल थांबत नाही, देव हिंदकळत नाही. तिथे कुणी कुणाला बांधिलकीचं व्याख्यान देत नाही. शेजारी उभा असलेला माणूस बघतो की याचे पाय आता लटपटायला लागलेत. हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या येतं, मग मंडप घातला की का विसरतो?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण तू मीटिंगमध्ये देतेस, म्हणून सांगतो. कासव महोत्सव २००६ पासून चाललाय म्हणून तू कौतुक करतेस, ते योग्यच आहे. पण कासवाच्या अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ५५ दिवस लागतात. तोवर अंडी पुरून ठेवलेलं कुंपण राखायचं, पहाटे किनाऱ्यावर कासवांचे माग शोधायचे, पिल्लं निघाली का ते सकाळ-संध्याकाळ वरची टोपली उचलून पाहायचं. पाहुणे येतात ते पिल्लं समुद्रात जाताना बघायला, आणि राहतात जेवतात गावातल्याच घरांत. एवढे दिवस नुसत्या उत्साहावर पहारा होत नाही. त्याला पाळ्या लागतात.

आता कंपनीचं. मंडप दे, साउंड दे, दिवे दे. त्यात कमीपणा कसला? पण गेट देऊ नकोस. वरच्या वाडीतली आजी पास विसरून आली तर तिला कुणी अडवता कामा नये, आणि हे कंपनीच्या पोराला कसं कळणार? पाणी आणि पंगतही देऊ नकोस. ही कामं आपली आहेत, म्हणून आपल्याच माणसांनी करायची. आणि आपल्या माणसांनी करायची, तर बदली लावून करायची.

तारीखही लवकर सांग. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलावर ठरते, ती कळली की चाकरमानी कोकण रेल्वेच्या तिकिटाला धावतात. आपली तारीख तर समितीच्या ठरावाने ठरते, तरी तुम्ही ती पंधरा दिवस आधी सांगता! मुंबईच्या मुलांनी रजा टाकायची कधी?

चुलाण्यावरच्या बायकांचं कुणीच बोलत नाही, तूही बोलली नाहीस. गेल्या वर्षी तुझी आईच दोन्ही रात्री भाताच्या टोपापुढे होती. नमन, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, सुरू झालं तेव्हा पदराने तोंड पुसत ती मंडपाच्या कनातीपर्यंत आली, गणपतीचं स्तवन उभ्याने ऐकलं आणि परत आत गेली. मी बघितलं. तिच्या समोरच्या रकान्यात कुणाचं नाव होतं? पुरुषांनी एक तास वाढपाला उभं राहावं, हे मी समितीत तीनदा मांडलं. तिन्ही वेळा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तू लिहूनच टाक. लिहिलेलं नाव खोडायला माणसाला लाज वाटते.

लोक म्हणतात, ११ वर्षं यानेच अध्यक्षपद धरून ठेवलं आणि आता आम्हाला बदली शिकवतो. म्हणू देत. त्या ११ वर्षांत हिशेबाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, मंडपवाल्याची उधारी राहिली नाही, पावसाने एकदा सगळं वाहून नेलं तरी कार्यक्रम दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत झाला. खुर्चीची हाव नव्हती गं. दुसरं कुणी उभं राहत नव्हतं. पण दुसरं कुणी उभं करायचं हे माझंच काम होतं, आणि ते मी केलं नाही, हेही खरं. ऑपरेशनला मुंबईला गेलो तेव्हा वीजजोडणीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, हे गावात एकालाही माहीत नव्हतं. हॉस्पिटलच्या खाटेवरून फोन करत होतो. तुझी अवस्था आज तशीच आहे. रात्री दोनला तू मला लिहितेस, कारण तुझ्या बाजूला कुणी नाही. सेक्रेटरी म्हणून तुझ्या स्वतःच्या नावासमोरही दुसरा रकाना काढ. सगळ्यात आधी तो भर.

दोन तासांच्या वर कुणाला एका जागी ठेवू नकोस. सोडवायला जाणाऱ्याने पाणी घेऊन जायचं, आणि पहिल्याने त्याला जागा समजावून देऊनच निघायचं. मोबाइलवर ‘तू जा’ म्हणून चालणार नाही. ३६ माणसांत हे बसत नाही म्हणशील. मग कामं कमी कर. सेल्फीची कमान आणि पाहुण्यांचं तुतारीने स्वागत गाळलंस की पाच माणसं मोकळी होतात.

रविवारी वही घेऊन ये. काकूने कुळथाची पिठी करायची ठरवलीय, जेवूनच जा. पार्किंगसाठी फाट्यावर माझं नाव लिही, रात्री आठ ते दहा. गुडघा दुखतो, पण दोन तास उभा राहीन. दहाला तिथे कोण येणार, ते नाव मात्र घेऊनच ये.

तुझा,
काका