जुन्या पीसीची आयडीई डिस्क बदलताना

आयडीई म्हणजे रुंद, चपट्या केबलने जोडायची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. सगळ्यात आधी जुन्या डिस्कची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, काढा. खडखड ऐकू येत असेल तर आजच. मग बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) मर्यादा बघा. ४८६ प्रोसेसरच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना ५०४ एमबीपुढचं दिसतच नाही, नंतरच्या अनेकांना ८.४ जीबीपुढचं.

वापरलेली आयडीई डिस्क शक्यतो नकोच, तीही तेवढीच झिजलेली असते. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड आणि ४० पिनांचा अडॅप्टर उत्तम. कार्ड मात्र इंडस्ट्रियल, ‘फिक्स्ड डिस्क’ म्हणून ओळख देणारंच घ्या. साधी कार्डं बहुधा ‘रिमूव्हेबल’ दिसतात आणि विंडोज एक्सपी त्यांवर बसवताना अडतं. केबलची लाल कड पिन १ कडे. लॅपटॉपमधल्या आयडीई जोडणीच्या ४४ पिनांतूनच वीजही जाते, त्यामुळे एक ओळ सरकून बसली तर कार्ड जळू शकतं. बॅटरी काढून, उजेडात पिना मोजूनच दाबा.